तातडीचं नाही
सॅनिटायझरचा वास आला की मला सदाशिव पेठेतल्या एका दवाखान्याचं अर्धवट उघडलेलं दार आठवतं. लॉकडाऊनचे दिवस होते. माझी मुदत संपलेली गर्भनिरोधक तांबी तिथेच मार्चमध्ये काढली होती, नवी पुढच्या महिन्यात बसवायचं ठरलं होतं, आणि तेवढ्यात सगळं बंद झालं. पदरात दोन मुलं होती आणि गोळ्या मला सोसत नव्हत्या. म्हणून चौकाचौकात पोलिसांना जुना केसपेपर दाखवत भर उन्हात मी चालत गेले. दारातल्या बाईंनी माझ्या हातावर सॅनिटायझर ओतलं आणि माझं काम ऐकून म्हणाल्या, "हे काही तातडीचं नाही. घरी बसा." मी म्हटलं, "अहो, दोघंही घरीच बसलोय, म्हणूनच तर आलेय." त्या हसल्या नाहीत. "मग जरा संयम ठेवा," म्हणाल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं. पावसाळ्यात मी पुन्हा त्याच दारात उभी राहिले, दोन महिन्यांची गरोदर. या वेळी मला लगेच आत घेतलं, कारण गर्भपात तातडीचा होता. तो झाल्यावर डॉक्टरांनी त्याच टेबलावर तांबी बसवली आणि सहज म्हणाल्या, "झालं. पाच मिनिटांचं तर काम." याच पाच मिनिटांसाठी तुम्ही मला परत पाठवलं होतंत, हे तिथेच बोलायला हवं होतं. इतक्या वर्षांनी आज लिहितेय, तरी तो राग गेलेला नाही.