कधीच न हरलेली चाचणी

जपानातल्या मोरिओका शहरातल्या त्या कंपनीत मिसाओ हाताकेयामाला सगळे ‘झाडूवाली बाई’ म्हणायचे, तेही तोंडावर. मासळीच्या शीतगृहांची दारं आणि धोक्याच्या घंटा चालवणारं सॉफ्टवेअर कंपनी बनवायची. ते रोज तपासणाऱ्या तीनशे स्क्रिप्ट, म्हणजे छोटे प्रोग्राम, होत्या. वीस वर्षांत त्यांतल्या कमांड एकीला दुसरी जोडत इतक्या लांबल्या होत्या, की ओळीच्या शेवटाला येईतो सुरुवात विसरायला व्हायचं. त्या सोप्या करायचं काम कुणालाच नको होतं. मिसाओने ते मागून घेतलं. एक्कावन्न वर्षांची, एकटी बाई. तिला गुंता सोडवायला आवडायचं.

बहुतेक स्क्रिप्ट इवाओ नेझूंच्या. मिसाओला पहिली कमांड त्यांनीच शिकवली होती. आता ते निवृत्त होते.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी तिने त्यांची एक ओळ उलगडली. आत कोंडलेल्या माणसाने बटण दाबलं की बाहेर घंटा वाजते का, हे तपासणारी. सात तुकड्यांचे दोन झाले. शेवटी चिकटवलेला एक शब्द तिने बिनकामाचा म्हणून काढला आणि चाचणी चालवली. नापास. शब्द परत लावला. पास.

त्या शब्दाचं काम एवढंच होतं: आधी काहीही बिघडलेलं असो, ‘ठीक’ म्हणायचं. दार बंद होता होता बटण दाबलं, तर यंत्रणा अडकायची. मग कितीही दाबा, घंटा वाजायची नाही. अकरा वर्षं हे असंच चाललं होतं.

चार वर्षांपूर्वी किनाऱ्यावरच्या एका शीतगृहात तोमे कारिया नावाची कामगार बाई पन्नास मिनिटं अडकली होती. थंडीने पायाची तीन बोटं गेली. “दहादा दाबलं हो मी,” ती सांगत राहिली. कंपनीने चाचण्यांचे निकाल पुढे केले. सगळे पास. तो कागद मिसाओनेच छापून दिला होता.

शनिवारी ती नेझूंकडे गेली.

“सापडलं तर तुला,” ते म्हणाले. “शुक्रवारी सॉफ्टवेअर जायचं होतं, ही एकच चाचणी अडून बसली होती. सोमवारी तो शब्द काढणार होतो गं. सोमवारी दुसरंच काही निघालं.”

“आणि कारियाबाईंच्या वेळी, नेझूसान?”

त्यांनी स्टोव्ह बारीक केला. “तेव्हा आठवलं होतं.”

“आणि गप्प बसलात?”

“बसलो. तू लिही आता. माझं नाव घालून लिही.”

तिने लिहिलं. साहेब, शिबाता, अहवाल चाळून म्हणाले, “बाई, तुम्हाला झाडायला सांगितलं होतं, खणायला नाही.” पण घंटा दुरुस्त झाली. कारियाबाईंना पत्र मात्र कुणी धाडेना. वसंतात मिसाओ स्वतःच बसने त्या बंदरगावी गेली.

दार तोमेच्या नणंदेने उघडलं. तोमे गेल्या शरदात वारली होती.

मिसाओने वाकून, उंबऱ्यातच सगळं सांगितलं.

“सगळे म्हणायचे, घाबरून हिने बटण दाबलंच नसेल,” नणंद म्हणाली. “शेवटी शेवटी तीही तेच म्हणायला लागली होती. ‘दाबलं नसेल मी, वन्सं.’”

मग तिने मिसाओला आत घेतलं, तोमेच्या फोटोसमोर बसवलं आणि म्हणाली, “आता हे तिला सांगा. पहिल्यापासून.”