पाणी लई पितीय काय?

"पाणी लई पितीय काय ओ?"

माझ्या कळंब्याच्या दवाखान्यात कुणी कुत्री घेऊन आलं, की बाकावरून हा प्रश्न यायचाच. विचारणारे निवृत्त एसटी ड्रायव्हर. सगळे त्यांना मामा म्हणत. तुम्ही आला असतात तर तुम्हालाही वाटलं असतं, हे इथलेच कंपाउंडर. मामांकडे तेव्हा कुत्रं नव्हतंच.

पूर्वी होतं. राणी. ती पहिल्यांदा माजावर येण्याआधीच मी सांगितलं होतं, "मामा, नसबंदी करून घ्या. पुढे पिशवीत पू होतो, स्तनांना गाठी येतात."

"लेकीगत हाय ती मला. लेकीचं पोट फाडू व्हय? एकदा पिल्लं तर होऊ द्यात की."

दर वर्षी लसीला आले की हेच बोलणं. मग मीही सांगायचं सोडलं.

पिल्लं झालीच नाहीत. आठव्या वर्षी राणी भांडंच्या भांडं पाणी पिऊ लागली. उन्हाळा आहे म्हणून मामा कौतुकाने भरत राहिले. आठवड्याने तिला उचलून आणलं, तेव्हा गर्भाशय पुवाने फुगलं होतं, विष अंगभर पसरलं होतं. ऑपरेशन केलं. दुसऱ्या दिवशी ती गेली.

मामांनी एवढंच विचारलं, "तवा केलं असतं तर?"

मी खरं ते सांगितलं. "हा आजार झालाच नसता."

मामा राणीचा पट्टा घेऊन निघून गेले. माझं ते वाक्य मात्र अजून माझ्या कानात आहे.

पुढच्या सोमवारपासून ते बाकावर येऊन बसू लागले. एकदा पेठ वडगावचे एक गृहस्थ "चांगल्या जिवाला कशाला कापायचं?" म्हणत उठले, तर मामा दारात आडवे.

"पावणं, मीबी असंच म्हणालतो. आता बघा, मोकळ्या हातानं बसलोय."

गृहस्थ परत बसले.

शेवटी मीच मामांच्या मांडीवर एक पिल्लू ठेवलं. मादी. त्यांनी हात मागे घेतले. बऱ्याच वेळाने तिचा कान कुरवाळला.

"ऑपरेशनची तारीख द्या. आत्ताच."

काही महिन्यांनंतरची तारीख मी लिहून दिली.

त्या दिवशी तिला घेऊन मामी आल्या. एकट्याच. मामांना जाऊन तीन आठवडे झाले होते.

"तारीख चुकवू नगंस म्हणालते," एवढं बोलून त्या बाकावर टेकल्या.

ऑपरेशन नीट झालं. ट्रेमध्ये ते गर्भाशय होतं. बारीक, गुलाबी, निरोगी.

"टाकू, मॅडम?" मदतनीस सुमनने विचारलं.

"थांब जरा," मी म्हणाले. "मामांना हे दाखवायचं होतं."