हुडाखालचा वारा

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला माझं सगळं माहीत असतं, असं आमच्या घरात सगळे धरून चालतात.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी अंबडच्या एका क्रोम प्लेटिंगच्या कारखान्यात मेंटेनन्सला होतो. टाक्यांवर हुड होते. त्यातून विषारी वाफ ओढली जाते की नाही, हे दर महिन्याला वाऱ्याच्या मीटरने मोजायचं काम माझं. तळहाताएवढ्या कड्यात फिरणारा पंखा आणि वर काटा — नाजूक वस्तू. त्याला तेल घालायचं नाही, असं मला बजावलं होतं. पण पंखा कुरकुरायला लागला आणि मला शहाणपण सुचलं. शिलाई मशीनचं तेल सोडलं.

नंतर आकडा कमी यायला लागला. तेलावर धूळ बसली, पंखा जड झाला — दुसरं काय असणार? पण साहेबांना सांगणार कसं? शिव्या खायची तयारी नव्हती. म्हणून मी आकडा अंदाजाने वाढवून द्यायला लागलो. पुढच्या महिन्यात आणखी थोडा. चूक यंत्राची आहे, हवेची नाही, असं मी परस्पर ठरवून टाकलं होतं.

टाकीवर निवृत्तीभाऊ असायचे, त्र्यंबककडचे. मी मीटर धरलं की विचारायचे, "सायेब, वारा बरा हाय ना?" मी मान हलवायचो. पुढे त्यांच्या नाकातून रक्त यायला लागलं. तरी मी मान हलवतच होतो.

वर्षाने मीटर तपासणीला पुण्याला पाठवलं. तिथल्या माणसाचा फोन आला — "साफ केलंय. पण आधीही बरोबरच दाखवत होतं की." म्हणजे ते कमी आकडे खरे होते. हुडातली वाफ बाहेर नेणारा डक्ट तुंबत चालला होता, आणि मी...

तेव्हा तरी बोललो का? नाही. डक्ट साफ करायला लाइन बंद ठेवावी लागली असती, बंद ठेवायला कारण द्यावं लागलं असतं, आणि कारण मी होतो. मी घाबरलो. इतकंच.

निवृत्तीभाऊंच्या नाकाच्या पडद्याला भोक पडलं. साहेबांनी मला त्यांच्यादेखतच विचारलं. मी म्हणालो, "हवा बरोबर होती." भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. संशयाने नाही — ते मला अजून सहन होत नाही. "मंग माझ्या तपकिरीनंच झालं आसंल," म्हणाले, आणि खिशातली डबी काढून कचऱ्यात टाकली. त्यांना घरी बसवलं गेलं.

सोमवारी त्यांच्या जागी दुसरा माणूस आला. मी त्याच्या डोक्यावर मीटर धरलं. पंखा जेमतेम फिरत होता. त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं, आणि मी आकडा वाढवून सांगितला.