काडीपेटीतलं हसू

बोरी गावात फोटोचं दुकान चालवून म्हातारे झालेल्या उद्धवरावांना एकच नाद होता: काडीपेटीएवढे, जुने, रिळाचे कॅमेरे जमवायचे. कुठून कुठून धुंडाळून आणलेली ती पिल्लं कपाटात ओळीनं बसवलेली. बायको विमल त्यांना 'तुमची लेकरं' म्हणायची, आणि खंडेनवमीला विळ्या-खुरप्यांसोबत त्यांनाही कुंकू लावायची.

दुकानातल्या मोठ्या कॅमेऱ्यासमोर मात्र ही बाई लाकूड व्हायची. पदर कपाळावर, ओठ गच्च. मागच्या उन्हाळ्यात उद्धवरावांनी सगळ्यात छोटा कॅमेरा तिच्यावर रोखला तेव्हा ती खळखळून हसली. "ह्या काडीपेटीत काय फोटू येतो व्हय?" त्यांनी तेवढ्यात बटण दाबलं.

श्रावणात ती गेली. भिंतीवर आधार कार्डावरून मोठा केलेला फोटो लागला. त्यात ती कुणी रागावल्यासारखी दिसते. तिचं हसू फक्त त्या छोट्या कॅमेऱ्यातल्या रिळात होतं.

इतकं अरुंद रीळ धुऊन त्यातला फोटो आता कोण काढून देणार? घरी धुवावं तर औषधं नासलेली, आणि नासक्या औषधात विमलला बुडवायची त्यांची छाती होईना. म्हणून पुण्याहून नवी पावडर मागवली. पार्सल परभणीत आल्याचं कळलं आणि ते नेमके खंडेनवमीला आणायला गेले.

परतले तर ओसरीवर पाट, पाटावर कॅमेरे, वर कुंकू न् झेंडू.

"मामा, आत्याबाईवानीच पूजा केली," सून राजेश्री म्हणाली. "आधी समदे उघडून आतून पुसले. लय धूळ व्हती."

छोट्या कॅमेऱ्याचं झाकण उघडं होतं. शेजारी, ओल्या फडक्यानं पुसून, दोन्ही टोकांना झेंडू ठेवून रीळ उन्हात वाळत घातलेलं. न धुतलेल्या रिळाला उजेड लागला की सगळं संपतं, हे मोबाईलवर वाढलेल्या पोरीला कुठून ठाऊक असणार?

उद्धवराव पायरीवरच बसले. राग यावा असं त्यांना फार वाटलं, पण तो येईना. सासूची रीत मोडू नये म्हणून पोरगी सकाळपासून उपाशी राबली होती.

त्यांचा चेहरा पाहून ती घाबरली. "उनात धरून बघितली म्या ती पट्टी. कायबी न्हवतं तिच्यावर. रिकामीच व्हती न्हवं, मामा?"

उद्धवरावांनी पार्सल पिशवीत खाली सरकवलं.

"व्हय बाई," ते म्हणाले. "रिकामीच व्हती. तू जेवून घे."