स्ट्राँग रूममधले कपाट

माझे वडील चौदा डिसेंबरला, रविवारी, सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी लातूरच्या एका खासगी रुग्णालयात वारले. नगरपरिषदेचे मतदान होऊन बारा दिवस झाले होते. मतमोजणीला सात दिवस बाकी होते.

त्या वेळी मी नांदेड जिल्ह्यातल्या एका तालुक्याला नायब तहसीलदार होतो. निवडणुकीत माझ्याकडे जागांचे काम होते. मतदान केंद्रे कुठे असतील, यंत्रे कुठे ठेवायची, मोजणी कुठे करायची, हे आधी पाहून अहवाल द्यायचा. त्याआधी नऊ वर्षे मी नांदेडच्या एका दैनिकात होतो, बहुतेक काळ डेस्कवर. तिथे पहिल्याच महिन्यात वृत्तसंपादकांनी सांगितले होते की वेळ लिहायची, आणि कुणी पाहिले ते विचारल्याशिवाय काहीही छापायला सोडायचे नाही. नोकरी बदलली तरी ती सवय राहिली. तलाठ्याने शाळेत रॅम्प आहे असे लिहून दिले तरी मी जाऊन रॅम्प पाहत असे. दोनदा तो नव्हता.

लोकसभेला यंत्रे जिल्ह्याच्या ठिकाणी जातात आणि मोजणीही तिथेच होते. तालुक्याकडे केंद्रांचे काम असते. उन्हाळ्यात मंडप, पाण्याचे माठ, वीज नसेल तर जनरेटर. नगरपरिषदेला मात्र मोजणी गावातच करावी लागते आणि गावात तशा जागा कमी असतात. आमच्याकडे दोन पर्याय होते. बाजार समितीचे एक गोदाम होते, पण त्यात नोव्हेंबरात सोयाबीनची पोती होती. दुसरी जिल्हा परिषदेची जुनी शाळा. मी शाळा सुचवली.

शाळेला एक लांब सभागृह होते आणि त्याला लागून एकच दार असलेली खोली. मोजणीची टेबले सभागृहात आणि यंत्रे त्या खोलीत, म्हणजे स्ट्राँग रूममध्ये, अशी मांडणी मी कागदावर काढली. खोलीच्या खिडक्या प्लायवूड ठोकून बंद करायच्या होत्या. सभागृहातल्या पंख्यांच्या पात्यांवर लाल रंगात देणगीदारांची नावे होती. त्यातल्या एकाची सून निवडणुकीला उभी होती, म्हणून सगळ्याच पात्यांवर कागद चिकटवायला सांगितले. खोलीत एक लोखंडी कपाट होते. माणसाच्या उंचीपेक्षा मोठे, पाय फरशीत सिमेंटने बसवलेले. ते बाहेर काढता येईल का, असे मी मुख्याध्यापकांना विचारले.

ते म्हणाले, "निजामाच्या काळात बसवलेलं हाय साहेब. आमच्या कितीतरी बदल्या झाल्या, त्याची एक न्हाई झाली."

कपाटात शाळेची जुनी रजिस्टरे होती. सुरुवातीची उर्दूत, नंतरची मराठीत. मी अहवालात लिहिले: "कपाट हलविणे शक्य नाही. कागदी पट्टी लावून सील करावे." खाली सही केली.

त्या संध्याकाळी वडिलांना फोन केला तेव्हा कपाटाचा विषय निघाला. वडिलांना आम्ही अण्णा म्हणत असू. ते शहात्तर वर्षांचे होते आणि लातूरला माझ्या मोठ्या बहिणीकडे राहत. त्यांचे लहानपण याच गावात गेले, हे मला माहीत होते. शाळाही हीच. पण जुने कागद केव्हाच वाळवीने खाल्ले असतील अशी त्यांची समजूत होती, त्यामुळे इथे माझी बदली झाल्यावरही त्यांनी कधी काही विचारले नव्हते. रजिस्टरे आहेत म्हटल्यावर ती कोणत्या सालापासूनची, असे त्यांनी विचारले. मग त्यांनी जे सांगितले ते मी आधी कधी ऐकले नव्हते.

शाळेत नाव घालायला त्यांना त्यांची आई घेऊन गेली होती. वडील कामाला परगावी होते. मास्तरांनी रजिस्टर पुढे केले आणि तिने पालकाच्या रकान्यात अंगठा लावला. बाहेर आल्यावर तिने अंगठ्याची शाई केसांना पुसली, हे त्यांना आठवत होते. दुसऱ्या वर्षी ती बाळंतपणात गेली. चुलत्यांनी अण्णांना लातूरकडे नेले. तिचा फोटो कधी काढला गेला नव्हता. घर राहिले नाही, भांडे राहिले नाही. तिचा चेहरा आपल्याला आठवत नाही, असे ते साध्या आवाजात म्हणाले.

"तेवढा अंगठा हाय का बघ," ते म्हणाले. "निळा हाय का काळा, ते बी सांग."

दुसऱ्या दिवशी मी मुख्याध्यापकांना विचारले. त्यांनी कपाट उघडून दाखवले. वरच्या तीन खणांत उत्तरपत्रिकांचे गठ्ठे होते, खाली रजिस्टरे, सालवार लावलेली नव्हती. बांधणी सुटलेली, पाने एकमेकांना चिकटलेली. शोधायला अर्धा दिवस लागला असता. त्या दिवशी तीन वाजता केंद्राध्यक्षांचे प्रशिक्षण होते आणि मला हजेरी घ्यायची होती; पुढचे दिवसही असेच भरलेले होते. मतदान दोन तारखेला, मोजणी तीनला. मुख्याध्यापक म्हणाले की तीन तारखेच्या संध्याकाळी कपाट तुमचेच आहे, निवांत बसून काढू. मी हो म्हटले. अण्णांना फोनवर तीन तारीख सांगितली.

अठ्ठावीस नोव्हेंबरला यंत्रे आली. कपाटाच्या दोन्ही दारांवर मिळून आडवी कागदी पट्टी लावली, तिच्या टोकांना लाख. पट्टीवर माझी सही आहे.

दोन डिसेंबरला मतदान चालू असतानाच बातमी आली की मोजणी उद्या होणार नाही. काही ठिकाणचे मतदान पुढे गेले होते आणि सगळीकडची मोजणी एकदमच, एकवीस तारखेला करावी असा न्यायालयाचा आदेश होता. त्या रात्री यंत्रे खोलीत ठेवली, दाराला दोन कुलुपे घातली, सील केले, उमेदवारांच्या प्रतिनिधींच्या सह्या घेतल्या. दारावर पोलीस बसले. एकवीसपर्यंत कुणी आत जायचे नव्हते. शाळेच्या पटांगणात प्रतिनिधींनी तंबू ठोकला आणि दाराकडे तोंड करून पाळीपाळीने बसू लागले. दोन्ही बाजूंची माणसे एकाच शेकोटीला असत. त्यातला एक जण मला म्हणाला, "साहेब, लग्न लागलं पण नवरीला एकोणीस दिवस खोलीतच ठिवली तुमी." सगळे हसले. मीही हसलो असेन.

अण्णांना एकवीस तारीख सांगितली तेव्हा ते म्हणाले, "बरं. तवर हाय मी."

पाच तारखेला त्यांना दवाखान्यात ठेवावे लागले. फुप्फुसात पाणी झाले होते. सात तारखेला, रविवारी, मला एका दिवसाची परवानगी मिळाली. लातूरला पोहोचलो तेव्हा दुपारचा एक वाजला होता. ताईने बाहेर व्हरांड्यात सांगितले की डॉक्टर आठवड्याच्या पुढचे बोलत नाहीत. मग ती म्हणाली की अण्णा रात्रीपासून एकच विचारून राहिलेत.

"सांग की हाय म्हणून," ती म्हणाली. "काय बिघडतंय?"

मी म्हटले, मी पाहिलेले नाही. रजिस्टर ते साल असलेले सापडेलच असेही नाही.

"अरे, पेपरात छापायचं हाय का ते?"

मी आत गेलो. अण्णांच्या नाकात नळी होती. त्यांनी मला ओळखले, कधी निघालास, जेवलास का, असे विचारले. मग विचारले, "दिसला का?"

मी म्हटले, "अजून बघितलं न्हाई, अण्णा. खोली सील हाय."

"सील कुणी केली?"

"मीच."

ते हसल्यासारखे झाले. "मग नीट केली असशील," ते म्हणाले. "ऱ्हाऊ दे. बघितल्यावर सांग."

मी चार वाजेपर्यंत त्यांच्याजवळ बसलो. ते झोपले होते. साडेचारच्या बसने परत आलो. ताई फाटकापर्यंत आली.

नऊ तारखेला मी निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांकडे गेलो. ते माझ्यापेक्षा वयाने लहान होते, कामाला चोख. त्यांना सगळे सांगितले. त्यांनी दोघांसाठी चहा मागवला आणि शेवटपर्यंत ऐकून घेतले. दार उघडायचे तर प्रत्येक उमेदवाराला पत्र द्यावे लागले असते, व्हिडिओ चित्रण, नोंदवहीत उघडण्याची वेळ, बंद करण्याची वेळ आणि कारण. हे त्यांनी मला समजावून सांगितले नाही. ते मला पाठ होते.

"पत्र मी काढतो," ते म्हणाले. "कारण काय लिहू?"

राहू द्या, असे मी म्हटले. नोंदवहीत ती ओळ कशी दिसली असती हे मला दिसत होते, आणि पटांगणातल्या तंबूत ती कशी वाचली गेली असती हेही. चहा पिऊन मी माझ्या टेबलावर आलो. त्या दिवशी रोजच्याप्रमाणे सकाळी अकरा आणि संध्याकाळी पाच वाजता स्ट्राँग रूमचे सील बाहेरून तपासले. दोन्ही वेळा नोंद केली: सील सुस्थितीत.

त्यानंतर अण्णांशी फोनवर दोनदा बोललो. दोन्ही वेळा त्यांनी रजिस्टरचे विचारले नाही. पहिल्यांदा थंडी किती आहे ते विचारले. दुसऱ्यांदा त्यांचा आवाज नीट कळला नाही. तेरा तारखेला रात्री ताईने फोन करून यायला सांगितले. मी पहाटे निघालो. अहमदपूरच्या अलीकडे गाडीत असताना तिचा पुन्हा फोन आला. सात वाजायला दहा मिनिटे होती.

तिसऱ्या दिवशी राख सावडून घरी आल्यावर ताईने मला स्वयंपाकघरात बोलावले. तिथे दुसरे कुणी नव्हते. तिने सांगितले की तेरा तारखेला दुपारी अण्णा शुद्धीवर होते, तेव्हा तिने त्यांना सांगून टाकले. माझा फोन आला होता, खोली उघडली, रजिस्टर सापडले, अंगठा आहे.

अण्णांनी विचारले, "निळा का काळा?"

ताई म्हणाली, "निळा."

त्यावर ते "हाव" म्हणाले आणि डोळे मिटले. पुढे बोलले नाहीत. हे सांगून झाल्यावर ताईने मला विचारले की तिने चूक केली का. मी म्हटले, मला माहीत नाही.

अठरा तारखेला मी कामावर परत आलो. तुम्ही आला नसता तरी चालले असते, असे निवडणूक निर्णय अधिकारी म्हणाले. पण टेबलांची मांडणी माझ्या नकाशाप्रमाणे होती आणि टेबले आणि प्रतिनिधी यांच्यामधली जाळी अजून बसायची होती. एकवीसला सकाळी दहा वाजता मोजणी सुरू झाली. त्याआधी स्ट्राँग रूमचे सील प्रतिनिधींना दाखवले, त्यांनी मान्य केले, दार उघडले. यंत्रे बाहेर येताना मी दाराशी उभा होतो. कपाटाची पट्टी शाबूत होती. दुपारपर्यंत निकाल लागले. पंख्यांवरचे कागद काढायचे राहिले होते. गुलाल आत आला तेव्हा तेही गुलाबी झाले.

बावीस तारखेला यंत्रे रवाना झाली. अकरा वाजून दहा मिनिटांनी मुख्याध्यापकांसमोर मी कपाटाची पट्टी कापली. त्यांना अण्णांचे कळले होते. त्यांनी शिपायाला बाहेर पाठवले आणि स्वतः गठ्ठे उतरवू लागले. ते साल असलेले रजिस्टर चौथे निघाले. मुखपृष्ठ नव्हते. पाने चिकटली होती म्हणून ती फूटपट्टीने सोडवावी लागली. मुख्याध्यापक एकेक नाव बोटाने खाली घेत होते. एका ठिकाणी बोट थांबले. त्यांनी रजिस्टर माझ्याकडे फिरवले आणि ते खोलीबाहेर गेले.

नाव अण्णांचे आहे. वडिलांचे नाव, गाव, जात, धंदा शेती. जन्मतारखेच्या जागी "वय सहा, अंदाजे". शेवटच्या रकान्यात अंगठ्याचा एक ठसा आहे, वरचा भाग स्पष्ट, खालचा पुसट. त्याच्या बाजूला मास्तरांच्या अक्षरात लिहिले आहे: "निशाणी डावा अंगठा, मुलाची आई."

शाई काळी आहे.