करडवाडीच्या गायरानावरची खुजी रोपं

लातूर जिल्हा उस्मानाबादेतून नवा नवा वेगळा झाला, तेव्हा कचेऱ्यांच्या पाट्यांवरचा रंगसुद्धा वाळला नव्हता. कुठं भाड्याच्या खोलीत टेबल मांडलेलं, कुठं धर्मशाळेच्या ओवरीत शिक्के मारणं चाललेलं. त्याच धांदलीत निलंग्याजवळ सामाजिक वनीकरणाची एक रोपवाटिका उघडली आणि ती सांभाळायला पंचशीला रुजू झाली. तिच्या घराण्यात सरकारी नोकरीचा हुकूम हातात घेणारी ती पहिलीच. तिची माय सरजाबाई त्या दिवशी गल्लीतल्या प्रत्येक घरी गूळ वाटत फिरली. "माझी शीला झाडांची सायबीन झाली," म्हणाली. पंचशीलानं कितीदा सांगितलं, "माय, सायबीन न्हाई, सहायक." पण सरजाबाईला तो शब्द काही पसंत पडला नाही.

झाडांचं वेड पंचशीलाला बाहत्तरच्या दुष्काळानं लावलं. तेव्हा ती परकरी पोर होती. आईबरोबर दुष्काळी कामावर जायची, रस्त्याची खडी फोडायची. दुपारी सगळे एका कडूलिंबाच्या झाडाखाली टेकायचे. सावली म्हणावी तर नुसत्या फांद्यांची, पान एक नाही. विहिरी आटलेल्या, माणसं सरकारनं वाटलेल्या सुकडीवर जगलेली, आणि हे झाड मात्र तसंच उभं. "न खाता न पिता हे जगतंय कसं?" हा प्रश्न पोरीच्या डोक्यात जो शिरला तो निघेना.

शाळा पुन्हा सुरू झाली तेव्हा तिनं तो विज्ञानाच्या सिद्धलिंग गुरुजींना विचारला. गुरुजींनी तिला दवाखान्यातून आणलेली आयोडीनची बाटली दाखवली आणि चिरलेल्या बटाट्यावर एक थेंब टाकला. पिवळट फोड बघता बघता काळीनिळी झाली.

"हा साठा," गुरुजी म्हणाले. "पानांना बारीक बारीक तोंडं असतात. त्यातून झाड हवेतला कर्ब आत घेतं, उन्हाच्या बळावर त्याची साखर करतं. खाऊन उरलं ते असं पीठ करून खोडात, मुळात दडवून ठेवतं. पाणी तुटलं की तोंडं मिटून घेतं. मग नवा कर्ब येत न्हाई. साठ्यावर दिवस काढायचे."

"आणि साठा सरला तर?"

"मग झाड तहानेनं मरतं तसं भुकेनंही मरतं, बाई."

या उत्तरानं तिला उदगीरच्या कॉलेजात वनस्पतीशास्त्राकडं नेलं आणि तिथून रोपवाटिकेत.

रोपवाटिकेत तिनं पहिल्याच वर्षी एक गोष्ट अशी केली की सगळे चक्रावले. लिंब, शिसू, बोर यांची रोपं वीतभर झाली, की ती त्यांचं पाणी हळूहळू तोडायची. रोज दिलं जाणारं पाणी एक दिवसाआड, मग आणखी उशिरा. पानं दुपारी माना टाकायची, संध्याकाळी पुन्हा सावरायची. पाणी घालणाऱ्या नीलाबाईचा जीव तुटायचा.

"बाई, लेकरागत वाढवून आता उपाशी मारून राहिलाव का?"

"उपाशी न्हाई, नीलाबाई. पाण्याची ओढ लागली की ते वर वाढायचं थांबतं. पण पानं अजून थोडी साखर करत असतात. वर खर्चायला जागा न्हाई, म्हणून ती खाली मुळात जाते. मूळ लांब होतं, जाड होतं."

हे लिहिलेलं तिनं वाचलं होतं, पण करून बघितलेलं नव्हतं. म्हणून मनात धाकधूक होतीच. रोज सकाळी ती एखाद्या रोपाची पिशवी फाडून मूळ बघायची. मुळं खरंच पिशवीच्या तळाला वेटोळं घालून बसलेली असायची. वर मात्र रोप खुजं, काटकुळं. दुसऱ्या रोपवाटिकांमधली रोपं कमरेएवढी, हिरवीगार. लोक हसायचे. वनीकरणाचा तिचा वरचा साहेब भला माणूस होता, पण तोही म्हणाला, "पंचशीलाबाई, तुमचं शास्त्र बरोबर असेल. पण उद्या कुणी वरून बघायला आलं तर हिरवं दिसायला नको का?"

तोड अशी निघाली. निलंग्याहून देवणीकडं जाताना करडवाडी लागते. तिथल्या गायरानावर लागवड ठरली होती. रस्त्याच्या कडेच्या पट्ट्यात साहेबांनी बाहेरून आणवलेली उंच रोपं लावायची, त्यांना टँकरनं पाणी द्यायचं. मागच्या माळावर पंचशीलाची खुजी रोपं.

गावचे सरपंच बसलिंगप्पा. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, देवणी जातीची दावणभर जनावरं आणि ओढ्याकाठी मोसंबीची बाग. गायरान गेलं तर जनावरं चारायची कुठं, हा त्यांचा सवाल होता आणि तो खोटा नव्हता. तरी चार-पाच वर्षांत पाल्याची आणि सरपणाची सोय होईल, या बोलीवर त्यांनी गावाला तयार केलं. पुढची पट्टी वर्षभरात डोक्याएवढी झाली. मागची रोपं गुडघ्याशीच घुटमळत राहिली. येणारेजाणारे पुढची पट्टी बघून वाहवा करायचे आणि मागं बघून विचारायचे, "हे काय, पऱ्हाट्या लावल्यात का?"

मग लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले. टँकर माणसांनाच पुरेना, झाडांना कुठला? आधी पुढच्या पट्टीची पानं करपली. मागच्या रोपांनी तर त्याच्या कितीतरी आधी पानं गाळून टाकली होती. माघ सरेपर्यंत सगळं गायरान एकाच रंगाचं झालं. जळक्या काड्यांचं रान.

बसलिंगप्पा रोपवाटिकेत आले ते रागानं नाही, थकून आले होते. "बाई, जनावरांचे हाल बघवंनात. झाडं तर मेली. गाव म्हणून राहिलंय, काड्या उपटून सरपण वाटून घेऊ आन् कुंपण मोडू. निदान जे काय खुरटं गवत हाय ते तरी जनावराच्या तोंडी लागंल."

"अप्पा, एकदा मुळं बघू. मेली असली तर मी स्वतः कुंपण काढते."

दुसऱ्या दिवशी सकाळी अर्धं गाव गायरानावर जमलं. पंचशीलानं कुदळ घेतली. आधी पुढच्या पट्टीतलं उंच झाड खणलं. मूळ हातभरसुद्धा खोल गेलेलं नव्हतं. जिथं टँकरचं पाणी मुरायचं तिथंच पसरलेलं. तिनं ते आडवं कापलं आणि आयोडीनचा थेंब टाकला. थेंब तसाच तांबूस राहिला. तिनं दुसरं खणलं, तिसरं खणलं. तेच. तीही तिनंच लावलेली झाडं होती. 

"ही गेली," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "यांना रोज आयतं मिळालं. जे कमावलं ते यांनी उंचीवर घालवलं. पाणी तुटल्यावर पानांची तोंडं मिटून बसली आणि शिल्लक होतं ते खाऊन संपवलं."

गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "मग मागची तर कधीच गेली असतील."

मागच्या माळावर तिनं एक गुडघाभर काडी निवडली आणि खणायला लागली. मूळ संपेना. बसलिंगप्पांनी तिच्या हातून कुदळ घेतली आणि स्वतः खणायला लागले. मुरूम फोडून, दगडाला वळसा घालून ते मूळ खाली खालीच चाललं होतं. वरच्या काडीपेक्षा जाड. शेवटी ते तुटलं. पंचशीलानं ताजा काप घेतला, तळहातावर ठेवला आणि थेंब टाकला. क्षणभर काही झालं नाही. मग काप कडेनं निळा झाला, निळ्याचा काळा झाला. शाई सांडल्यासारखा.

लोक वाकून वाकून बघायला लागले.

"हे जितं हाय," ती म्हणाली.  "यानं पानं गाळली ती मरायला न्हाई. खर्च कमी करायला गाळली. सगळी पुंजी खाली ठेवलीय."

बसलिंगप्पा मुळाकडं बघत उभे राहिले. "मग आता नुसती वाट बघत बसायचं?"

"अप्पा, तुम्ही मोसंबीला ताण देता का न्हाई? पाणी तोडता, पानं पिवळी पडून गळू देता. मग बहार येतो तो कशाच्या जोरावर?"

म्हाताऱ्यानं तुटलेलं मूळ हातात घेऊन बघितलं. मग हसला. "आता गं! ते रोज करून राहिलो, पर ह्या काडीला तसं कधी बघितलंच न्हाई." आणि मागं वळून गावाला म्हणाला, "चैतापतोर कुंपणाला हात लावायचा न्हाई. पुढच्या पट्टीचं सरपण वाटून घ्या. तिथलं गवत जनावरांना सोडा. मागं कुणी जायचं न्हाई."

फाल्गुन जाता जाईना. पंचशीला निलंग्याहून एसटीनं येऊन माळावर चालून जायची आणि तशीच परत फिरायची. साठा आहे हे तिनं दाखवलं होतं. पण तो पुरेल का, हे तिलाही ठाऊक नव्हतं. ऊन वाढत चाललं होतं आणि झाड आत बसून रोज थोडं थोडं खात होतं.

पाडव्याच्या आदल्या दिवशी बसलिंगप्पांची सून कमलम्मा गुढीसाठी लिंबाचा पाला शोधत माळापर्यंत आली. गावातल्या जुन्या लिंबांना तर तांबूस पालवी आलीच होती. पण कुंपणाच्या आत बघून ती तशीच घराकडं पळाली. पाणी नाही, ढग नाही, मातीला भेगा पडलेल्या, आणि त्या काड्यांच्या पेऱ्यापेऱ्यातून तांबडी, कोवळी, चकचकीत पानं फुटली होती. सगळ्यांना नाही. काही शिसू, काही बोरी कायमच्या गेल्या. पण लिंबांच्या ओळीच्या ओळी पेटल्यासारख्या दिसत होत्या.

निरोप मिळाला तेव्हा पंचशीला रोपवाटिकेत होती. ती आली तर माळावर जत्रा भरलेली. बसलिंगप्पांनी कुंपणाचं फाटक उघडून तिला आधी आत जाऊ दिलं. ती ओळीतून चालत गेली, एका रोपाशी बसली आणि पालवीला हात न लावता नुसती बघत राहिली. वरून एक थेंब न पडता ही पानं आली होती. मागच्या सालच्या हवेतून घेतलेल्या कर्बाची, मुळात जपलेल्या साखरेची ही पानं होती. पुस्तकातली ओळ तिच्यासमोर पालवी होऊन उभी होती, आणि ती तिनं उभी केली होती. डोळ्यांतलं पाणी तिनं त्या दिवशी पुसलं नाही.

साहेब पुढच्या आठवड्यात येऊन गेले. बघितलं, बोलले मोजकंच. पण त्या उन्हाळ्यापासून तालुक्यातल्या सगळ्या रोपवाटिकांमध्ये रोपांना ताण द्यायचा नियम झाला, आणि तो शिकवायला पंचशीला गावोगाव फिरली. पुढं तिला नांदेडकडंही, पार धर्माबादेपर्यंत बोलावणी आली. शेतकरी रोपं न्यायला आले की उंच रोपं बाजूला सारून म्हणायचे, "आमाला ती करडवाडीची खुजी द्या."

नोकरीची बरीच वर्षं झाल्यावर एकदा ती सरजाबाईला करडवाडीला घेऊन गेली. लिंब आता दोन पुरुष उंच झाले होते. खाली देवणी गाई रवंथ करत होत्या. गार सावलीतून म्हातारी काठी टेकत हळूहळू चालत राहिली. एका गुराख्यानं विचारलं, "आजी, कुणाकडं आलाव?"

सरजाबाईनं काठी उचलून ओळीमागून ओळ दाखवली. "माझ्या लेकीकडं," ती म्हणाली, आणि मान ताठ करून पुढं चालायला लागली.