पत्रकबाई आणि लांडगा

मिक्सर विकत घेतला की खोक्यातून घडी घातलेला एक कागद निघतो. तो कुणी वाचत नाही, आणि मिक्सर अडला की सगळं घर तोच कागद शोधत सुटतं. असे कागद लिहिण्यात पत्रकबाईंची एकोणतीस वर्षं गेली. मिक्सर, इस्त्री, पंखा, गीझर. कारखान्यातून जे बाहेर पडे त्याच्यासोबत बाईंचे शब्द जात. त्यांचं खरं नाव हजेरीपटापुरतं उरलं होतं.

त्यांची एक पद्धत होती. कागद लिहून झाला की त्या झाडलोट करणाऱ्या मावशींना बोलवत, त्यांच्या पुढ्यात बंद खोकं आणि कागद ठेवत आणि स्वतः हात मांडीखाली दाबून गप्प बसत. मावशी जिथे अडखळतील तिथे चूक कागदाची, मावशींची नव्हे. शेजारी बसलेल्या इंजिनिअरांना मात्र राहवत नसे. "अहो मावशी, ते खालचं बटण!" असं कुणी ओरडलं की बाई चवताळत. "प्रत्येक मिक्सरबरोबर तुम्ही गिऱ्हाइकाच्या घरी जाणार आहात का?" मग कागद पुन्हा लिहिला जाई. एका इस्त्रीचा तर त्यांनी अकरा वेळा लिहिला.

अशा बाई निवृत्त झाल्यावर कॉम्प्युटरवरच्या गेमच्या नादी लागल्या, त्या धाकट्या बहिणीपायी.

धाकटी दुसऱ्या शहरात राहायची, एका लॅबमध्ये रक्त तपासायची. एके काळी दोघींचं एकमेकींवाचून पान हलत नसे. आता रविवारी फोन व्हायचा. "बरी आहेस ना?" "बरी आहे. तू?" संपलं. रोज संध्याकाळी सहा ते आठ मात्र धाकटी कानाला हेडफोन लावून चार परक्या माणसांशी पोटभर बोलायची, कारण ते पाच जण मिळून एक गेम खेळत. प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं, त्याला लढवत, वाढवत न्यायचं, आणि सगळ्यांनी मिळून किल्ले सर करायचे. त्यांच्यातली जखमा बऱ्या करणारी वैदीण गेम सोडून गेली होती.

"ताई, तू ये ना तिच्या जागी," धाकटी म्हणाली. "रोज भेट होईल. फक्त महिनाअखेरपर्यंत मोठ्या शहराच्या वेशीपर्यंत पोच. तिथवर एकटीनंच यायचं, असं या लोकांचं आहे. नाही जमलं तर हे लोक दुसरी कुणी घेतील."

रोज भेट होईल, एवढंच बाईंनी ऐकलं.

गेम उघडला तर सहा पात्रांची चित्रं, खाली अक्षर नाही. पाल्याची जुडी हातात धरलेली बाई वैदीणच असणार म्हणून त्यांनी ती निवडली. ती एका विहिरीपाशी उभी राहिली. शेजारी पाटी होती, तिच्यावर बारीक अक्षरांत बरंच काही लिहिलेलं. पाटी असते कशाला? वाचायला. बाई चष्मा सावरून वाचू लागल्या, आणि तिसऱ्या ओळीवर मागून लांडगा आला आणि त्यांना फाडून गेला. सूचना वाचणारी एक नवी खेळाडू कधी नव्हे ती या गेमला लाभली होती, आणि गेमनं तिला वाचतानाच मारलं!

पुढच्या खेपेला त्यांनी जखम भरायचं हिरवं बटण शोधून काढलं. लांडगा चावला तसं ते दाबलं. लांडगा ठणठणीत झाला, बाई मेल्या. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. आपलं तोंड ज्याच्याकडे, औषध त्याला लागतं, हे त्यांच्या लक्षात यायला तेरा मरणं लागली. लक्षात आलं तरी स्वतःकडे तोंड कसं करायचं, हे काही कळेना.

"आज किती वेळा गेलीस?" नवरा पेपरातून डोकं न काढता विचारी.

"सहा."

"आणि लांडगा?"

"उत्तम आहे. तू चहा टाक."

शेवटी त्यांनी खेळाडूंच्या चॅटवर अगदी नम्रपणे विचारलं, स्वतःला औषध कसं द्यावं? उत्तरं पटापट आली. "शोध की." "आजी, पत्ते खेळा." आणि एकाचं, "आम्हाला कुणी सांगितलं होतं?" या शेवटच्याला शंभरावर लोकांनी दाद दिली होती. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सांगायला यांचं काय जात होतं? एक ओळ! ती न लिहिणाऱ्यांनी वर छाती फुगवून हिंडायचं? कारखान्यात असा कागद कुणी केला असता तर बाईंनी त्याला गेटबाहेर काढलं असतं.

त्यांनी धाकटीला फोन लावला.

"अगं ताई, सांगितलं तर मजा काय?" धाकटी हसली. "स्वतः शोधण्यातच गंमत आहे."

"गंमत कुणाची? जो आत पोचला त्याची. बाहेरच्याच्या वाट्याला लांडगाच आहे."

"आमच्या ग्रुपचा तसा नियमच आहे. नव्याला काही सांगायचं नाही."

महिना संपायला दोन दिवस उरले तेव्हा बाईंनी दुपारीच फोन केला. आवाज इतका थंड होता की नवऱ्यानं पेपर खाली ठेवला. "माझा स्क्रीन तुला दिसेल असं कर. मी खेळते, तू बघ. तोंड उघडायचं नाही. हात मांडीखाली."

"ताई, मी काय मावशी आहे का?"

"नाहीस. तू इंजिनिअर आहेस. बघ."

बाई मेल्या. पुन्हा उठल्या, पुन्हा मेल्या. फोनवर धाकटीचा श्वास ऐकू येत होता. पाचव्या मरणाला ती म्हणाली, "अगं, आधी ते..." "गप्प." आठव्या वेळी बाईंनी पुन्हा हिरवं बटण दाबलं आणि लांडगा टवटवीत झाला. या वेळी धाकटी हसली नाही.

"बंद कर ताई. मला नाही बघवत."

"का? गंमत आहे ना?"

धाकटीनं आवाज खाली आणला. मग म्हणाली, "मीही त्याच विहिरीपाशी अडकले होते. एक अनोळखी बाई आली. कोण, कुठली, आजही माहीत नाही. चार संध्याकाळी तिनं मला सोबत नेलं, एकेक बटण दाखवलं. ग्रुपला सांगितलं नाहीये मी. हसतील म्हणून."

"आणि मला सांगत होतीस, शोध."

"हो."

"चॅटवर लिहितात ना ते, आम्हाला कुणी सांगितलं होतं? त्याला तूही दाद दिलीस?"

"दिली," धाकटी पुटपुटली.

"परक्या बाईनं तुला चार संध्याकाळी दिल्या," त्या म्हणाल्या, आणि आता त्यांचा आवाज चढला. "मी तुझी सख्खी बहीण. मी तुला एक बटण विचारलं गं. एक बटण! महिनाभर मरत होते मी इथे, तुझ्याशी दोन शब्द बोलायला मिळावेत म्हणून!"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"ताई, विहिरीपाशी थांब. मी नवं पात्र घेऊन येते."

"सहाला तुझे लोक वाट बघतील."

"बघू देत."

बाईंचा राग गेला नव्हता, आणि तो इतक्यात जाणारही नव्हता. तो तसाच घेऊन त्या विहिरीपाशी जाऊन उभ्या राहिल्या.